रुईवरची अळी घरी कशी वाढवावी

मोनार्क फुलपाखराचे व्हिडिओ बघून गोव्यात त्याची अळी शोधत बसू नका, ते अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याचा भाऊबंद आहे, प्लेन टायगर. मारुतीला वाहतो त्याच रुईवर तो वाढतो. परसात किंवा चिऱ्यांच्या कुंपणाकडेला एखादं झाड असलं की भागतं. काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि शिंगांच्या तीन जोड्या दिसल्या की अळी तीच.

रोज रुईची ताजी पानं द्या, लेंड्या काढा. कोबीवर जगते म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रुईचा चीक लागलेला हात डोळ्यांना लावू नका, डोळे बिघडतात.

खरी कसोटी कोषाची. दोनेक आठवड्यांत अळी खाणं सोडून भटकू लागते. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीचा सल्ला कुणी काढला देव जाणे! आपल्या पावसाळ्यात बरणीला आतून घाम सुटतो, लेंड्यांवर बुरशी धरते आणि निघालेल्या फुलपाखराला पंख उलगडायला जागा उरत नाही. मच्छरदाणीच्या कापडाचा उंच पिंजरा शिवा आणि ऊन-पाऊस लागणार नाही असा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत टांगा.

अळी छताला रेशमाची गादी विणते आणि गळासारखी वाकून उलटी लटकते. आता पिंजरा हलवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. शिंगं मलूल पडली की थोड्या वेळात कातडी फाटते आणि आतून हिरवा किंवा गुलाबीसर कोष निघतो. तो मऊ असतो, दुसऱ्या दिवसापर्यंत बोट लावू नका. नंतर कधी गळून पडलाच, तर वरच्या काळ्या देठाला दोरा बांधून परत टांगा. नुसता तळाशी ठेवलात तर पंख चुरगळलेलेच राहतील. कोषातून पांढरा धागा लोंबला तर परजीवी माशीनं डाव साधला समजा. तो कोष लगेच काढून टाका.

आठवडा-दहा दिवसांत कोषातून केशरी पंख दिसू लागतात. बाहेर आल्यावर तांबूस थेंब गळतात, ते रक्त नव्हे. पंख ताठ होईतो काही तास थांबा, मग ऊन बघून सोडा. पाऊस असेल तर दुसऱ्या सकाळी. मागच्या पंखाच्या मधोमध चार काळे ठिपके असले तर नर, तीन असले तर मादी. आणि परसातलं वाळत चाललेलं खुळखुळ्याचं झुडूप उपटू नका, नर त्याचा रस चोखायला येतात.