व्हिडिओत समजलेला बुद्धिबळातला हत्तीचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) खऱ्या डावात जिंकता येत नव्हता, शेवटी असं जमलं

ल्युसेना पोझिशनचे (हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, प्यादं सातव्या ओळीत आणि आपला राजा त्याच्या पुढे) व्हिडिओ बघताना सगळं कळायचं, पण डावात प्यादं सातव्या ओळीत असूनही माझा राजा शहांतून सुटायचाच नाही आणि बरोबरी. प्रचंड चिडचिड व्हायची. व्हिडिओ परत बघितले, स्पीड कमी केला, नोट्स काढल्या, काही फरक नाही.

मग लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या बोर्ड एडिटरमध्ये (जिथे हवी तशी मांडणी करता येते) पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१ आणि काळा राजा जी७, हत्ती सी२ असं मांडलं, चाल पांढऱ्याची, समोर कॉम्प्युटर. पहिली चाल हत्ती एफ४, सगळं हिच्यावरच आहे. काळा हत्ती सी१ वर गेला की राजा ई७, शह आला की डी६, परत शह, ई६, परत शह, डी५, आणि आता डी१ वरून शह आला की हत्ती डी४ वर मधे घालायचा, प्यादं वजीर होतंच. हात बसेपर्यंत हेच खेळा, व्हिडिओ बंद ठेवून. ए आणि एच या कडेच्या उभ्या रांगांतल्या प्याद्याला मात्र ही पद्धत चालत नाही.