जुन्या गाडीत गिअरबॉक्स बदलताना स्टार्टर, फ्लायव्हील आणि क्लच कसे जुळवावेत

पाचव्या गिअरच्या मोहाने जुन्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसवायला निघालेला माणूस आधी गिअरबॉक्सची लांबी मोजतो, मग प्रोपेलर शाफ्ट, मग स्पीडोमीटरची केबल. ते सगळं जमतं. घोडं अडतं ते शेवटी, चावी फिरवल्यावर स्टार्टरकडून (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडून) येणाऱ्या ‘खर्रर्र’ आवाजाशी. आणि तेव्हा सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.

सुट्या भागांची खरेदी करण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: इंजिनाची बाजू आणि गिअरबॉक्सची बाजू. मधल्या जागेतल्या बहुतेक भागांना दोन तोंडं असतात. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट त्यावर दाबून धरणारी) ठरवतात, मधल्या खाचा मात्र गिअरबॉक्सचा शाफ्ट. रिलीज बेअरिंगचं (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचं) तोंड प्रेशर प्लेटच्या बोटांशी (मधल्या पट्ट्यांशी) जुळायला हवं, भोक गिअरबॉक्सच्या नळीशी. पायलट बुश (शाफ्टच्या टोकाला आधार देणारी छोटी नळी) बाहेरून क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा), आतून शाफ्टच्या टोकाचा. म्हणूनच ‘इंजिनाचा क्लच सेट’ किंवा ‘गिअरबॉक्सचा क्लच सेट’ असा आयता डबा बहुधा निम्माच उपयोगी पडतो.

१. फ्लायव्हीलपासून सुरुवात करा

क्रँक बदलणार नाही, त्यामुळे तो आपला पक्का खुंटा. बोल्ट किती, ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, मधल्या भोकाचं माप आणि डॉवेल (जागा पक्की करणारी खुंटी) या चार गोष्टी तपासा. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनात १९८६ मध्ये मागचं ऑइल सील एकसंध झालं आणि हे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं. नाव तेच, फ्लायव्हील वेगळं.

समतोलाचाही विचार करा. काही इंजिनांत समतोलाचं वजन फ्लायव्हीलवरच असतं. फोर्डच्या ३०२ इंजिनात ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला २८ औंस-इंचांवरून ५० वर गेलं. यांची अदलाबदल केली तर बोल्ट सुखाने बसतील, पण इंजिन थरथरत राहील.

२. स्टार्टर: इथे वेळ द्या

स्टार्टर जुन्या गाडीचा ठेवायचा की नवा, हा प्रश्न मुळात चुकीचा आहे. आधी रिंगचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्याचे, दात मोजा. मोजताना पहिल्या दाताला खडूची खूण करा, नाहीतर चाळिसाच्या पुढे हमखास गोंधळ होतो. दातांच्या संख्येत २ मिळवून त्या बेरजेने रिंगच्या बाहेरच्या व्यासाला भागलं की दाताचं माप अंदाजे कळतं. पिनियनचं (स्टार्टरच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचं) मापही तेच असायला हवं.

पण माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. शेव्हरोलेच्याच इंजिनाला १५३ दातांचं आणि १६८ दातांचं, अशी दोन फ्लायव्हील येतात. दात एकाच मापाचे, पण दुसऱ्याची त्रिज्या सुमारे १६ मिलिमीटरने मोठी. म्हणून स्टार्टरचे बोल्ट लहान फ्लायव्हीलसाठी सरळ रेषेत आणि मोठ्यासाठी तिरपे असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पिनियन येतं कुठून. जुन्या बेंडिक्स पद्धतीत मोटर आधी फिरते आणि त्या झटक्याने पिनियन रिंगवर जातं. नंतरच्या पद्धतीत सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाचा खटका) आधी पिनियन ढकलतो, मग मोटर फिरते. पिनियन ज्या बाजूने शिरतं त्या बाजूला रिंगच्या दातांची कड तासलेली असते. मी एकदा दात तीनतीनदा मोजले, आणि तासलेली कड पाहायचीच राहिली. महिनाभरात रिंगची एक बाजू उंदराने कुरतडल्यासारखी झाली.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत १९६७ च्या अखेरीस सगळ्या गिअरना सिंक्रो (गिअर खरखर न करता बसवणारी सोय) असलेला गिअरबॉक्स आणि सोलेनॉइडने ढकलणारा स्टार्टर एकदमच आले, म्हणून त्या गाडीचे भाग घेताना साल आधी विचारावं.

नुसती रिंग बदलायची असेल तर ती सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत सारखी तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. लाल होईपर्यंत तापवली तर दातांची कडकी गेलीच म्हणून समजा. नव्या पद्धतीच्या स्टार्टरला बॅटरीची जाड केबल थेट द्या. जुन्या गाडीतला सोलेनॉइड त्याचा स्विच (रिले) म्हणून ठेवता येतो.

३. क्लच

प्लेट फ्लायव्हीलवर धरून हाताने फिरवा. मधला स्प्रिंगचा भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतोय का? प्लेटला दोन बाजू असतात, उलटी लावू नका.

प्रेशर प्लेट कसून झाल्यावर इंजिनाच्या मागच्या तोंडापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा, ॲडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट) असेल तर ती धरून. मग बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाच्या) तोंडापासून, पूर्ण मागे सारलेल्या बेअरिंगपर्यंत. दुसऱ्या मापातून पहिलं वजा केलं की राहते ती फट. ही फट हवीच, कारण प्लेट झिजते तशी बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात. जागा नसेल तर क्लच घसरू लागतो. शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर त्याच्या बनवणाऱ्याने दिलेलं मापच पाळा.

४. पायलट बुश

सच्छिद्र ब्राँझचा असेल तर रात्रभर तेलात ठेवा. शाफ्टचं टोक त्यात पुरेसं शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) सतत दाब येतो.

५. गिअरबॉक्स चढवण्याआधी

रिकामं बेल हाउसिंग कसा. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) लावून क्रँक हाताने फिरवा आणि हाउसिंगच्या मधल्या भोकाभोवती काटा पाहा. पूर्ण फेरीत काटा ०.१३ मिलिमीटरहून जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल (मध्य बाजूला सरकवलेल्या खुंट्या) लावावे लागतात. हे टाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. पण गिअर आपोआप सुटणं, क्लच प्लेटचा मधला भाग तुटणं या दुखण्यांचं मूळ कित्येकदा इथेच सापडतं.

आता स्टार्टर लावा, बॅटरी न जोडता. स्क्रूड्रायव्हरने पिनियन रिंगमध्ये सरकवा आणि दातांच्या टोकाशी साधारण अर्ध्या मिलिमीटरची तार जाते का ते पाहा. फ्लायव्हीलची पूर्ण फेरी फिरवा, एकाच जागी पाहून समाधान मानू नका. पिनियन परत आलं की रिंगपासून दीड ते तीन मिलिमीटर लांब राहायला हवं.

इंजिन जोडून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा कान द्या. चालू होण्याआधी कर्कश शिट्टी आली तर पिनियन रिंगपासून लांब आहे. चालू झाल्यावर, चावी सोडताना आली तर फार जवळ. इंजिनाच्या खालून बोल्टने लागणाऱ्या स्टार्टरला शिम (पातळ पत्रा) घालून हे सुधारतं. जो बेल हाउसिंगला समोरून लागतो त्याला शिम घालून फक्त खोली बदलते, अंतर नाही; तिथे स्टार्टर किंवा फ्लायव्हीलच बदलावं लागतं.