विक्रीसाठी कपड्यांचा लाकडी रॅक : ओढला तरी न डोलणारा

अंगणात जुने कपडे विकायला मांडायचे असतील तर ते टांगलेलेच हवेत. टेबलावर घड्या घालून ठेवले की दोन-तीन जण उलथापालथ करून जातात आणि उरलेल्या ढिगाकडे पुढे कोणी बघत नाही. टांगलेला कपडा लांबून दिसतो, अंगाला लावून बघता येतो आणि नाही आवडला तर जागच्या जागी परत जातो. त्यासाठी दोन कैच्या (कैची म्हणजे वर जुळलेली आणि खाली फाकलेली दोन पायांची जोडी) आणि त्यांच्यामधून जाणारी एक दांडी एवढा साधा रॅक पुरतो. करवत आणि ड्रिल हाताळायची सवय असेल तर एका दिवसाचं काम आहे.

अशा रॅकबद्दल मिळणारे सल्ले मात्र बहुतेक वजनाच्या काळजीने दिलेले असतात. पाय जाड घ्या, स्क्रू जास्त मारा, वगैरे. वजनाने रॅक पडत नाही. चाळीसेक शर्ट-पँटी हँगरसकट पंधरा-वीस किलो भरतात आणि चार पायांना ते काहीच नाही. रॅक पडतो तो दांडीच्या दिशेने बसणाऱ्या ओढीने. कपडे बघणारा माणूस हँगर दांडीवरून डावी-उजवीकडे सरकवत असतो, म्हणजे प्रत्येक वेळी रॅक लांबीच्या दिशेने ओढत असतो. वाराही तिकडूनच नडतो, कारण टांगलेल्या कपड्यांची रुंद बाजू नेमकी त्या दिशेला असते आणि ते शिडासारखे फुगतात. कैची पुढे-मागे भक्कम असते, लांबीच्या दिशेने तिला स्वतःचा काहीही आधार नसतो. हे डोक्यात ठेवूनच सगळं काम करायचं.

लाकूड आणि दांडी

पायांसाठी ७० मिमी रुंद, ३० मिमी जाड आणि १७० सेंमी लांब अशा चार पट्ट्या घ्या. बाकी सगळ्याला ७० बाय २० मिमीची पट्टी चालते, साधारण आठ मीटर लागेल. स्क्रू ४ बाय ५० मिमीचे. दांडी ३२ मिमी व्यासाची, १४० सेंमी लांब.

दांडीत काटकसर करू नका. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिमीऐवजी ३२ मिमीची घेतली की ती अडीच पटीहून जास्त ताठ होते. प्लास्टिकचा पाइप तर घेऊच नका, कपडे भरल्या भरल्या तो मधे झोळ खातो आणि सगळे हँगर घरंगळून एका जागी गोळा होतात. दांडी निवडताना सपाट फरशीवर गडगडवून बघा. उड्या मारत गेली तर वाकडी आहे. मधोमध गाठ असलेली दांडी तिथेच मोडते, आणि पाइनच्या गाठीतून चिकट राळ सुटून कपड्याला लागते ते वेगळंच.

दोन कैच्यांमधलं अंतर १२० सेंमीच्या वर नेऊ नका. ते १५० केलं आणि त्याच दाटीने कपडे लावले तर झोळ जवळजवळ अडीच पट होतो. कपडे जास्त असतील तर दुसरा रॅक करा.

कैच्या

पाय वरून दहा-बारा सेंमीवर बोल्टने जोडा आणि वरच्या खाचेत दांडी ठेवा, असं अनेक जण सांगतात. हे सांगणाऱ्यांनी ते करून पाहिलेलं नसतं. खाली ७० सेंमी फाकणाऱ्या ७० मिमीच्या पट्ट्या इतक्या कमी कोनात एकमेकींवरून जातात की बोल्टच्या वर १६ सेंमीपर्यंत खाच तयारच होत नाही, आणि ३२ मिमीची दांडी नीट बसायला २४ सेंमी वर जावं लागतं. त्यापेक्षा दांडी पायांमधूनच आरपार न्या. चारही पाय एकत्र बांधून वरच्या टोकापासून ७ सेंमीवर खूण करा आणि ३२ मिमीचं भोक पाडा. एका बाजूने पूर्ण आरपार जाऊ नका. टोक पलीकडे दिसलं की पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने भोक पुरं करा, नाहीतर कडेची ढलपी निघते.

दोन्ही कैच्या डावी-उजवी अशा जोडीच्या करा. मागचे दोन्ही पाय आतल्या बाजूला आले पाहिजेत, पुढचे दोन्ही बाहेर. पाय ७० सेंमी फाकवून जमिनीपासून २० सेंमीवर आडवी पट्टी लावा. तिचं माप गणिताने काढत बसू नका, पट्टी जागेवर धरा आणि तिथेच रेघ मारा. एक पाय आत आणि एक बाहेर असल्याने बाहेरच्या पायाशी ३० मिमीची फट राहते, तिथे पायाच्याच लाकडाचा तुकडा घाला. रॅक फरशीवर उभा करायचा असेल तर पायांची टोकं तिरकी कापा, मातीत त्याची गरज नाही.

दांडी ओवा. बाहेरच्या पायांच्या कडेतून दांडीत एकेक स्क्रू घाला, म्हणजे ती फिरणार नाही आणि सरकणारही नाही. मागच्या पायांच्या मागे तोंड केलेल्या कडेवर, साधारण २० सेंमी उंचीवर, एक लांब पट्टी मारा. खालच्या आडव्या पट्ट्यांवर दोन-तीन पट्ट्या टाकून फळी करा, बुटांना आणि खोक्यांना उपयोगी पडते.

तिरक्या पट्ट्या

आता रॅक उभा करून दांडी टोकाकडून दोन बोटांनी ओढून बघा. सगळे स्क्रू घट्ट असूनही तो समांतरभुज होऊन झुकेल. या टप्प्याने मलाही बराच काळ छळलं आहे, आणि त्यावरचे चुकीचे उपाय फार लोकप्रिय आहेत.

पहिला म्हणजे पाय आणखी फाकवा. त्याने पुढे-मागे फरक पडतो, लांबीच्या दिशेने शून्य. दुसरा, सांध्यात एल आकाराचे लोखंडी कोन मारा. हा जास्त फसवा, कारण पहिला तासभर तो टिकतो. दांडी दीड मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि कोनाचा हात असतो चारेक सेंमी. म्हणजे वरचा धक्का स्क्रूपर्यंत जवळजवळ चाळीस पट होऊन पोहोचतो. लाकडातलं भोक सैल होतं, मग कोन नुसता शोभेला राहतो. चौकट ताठ करायला त्रिकोण लागतो, आणि तो मोठा लागतो.

मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच लांब तिरकी पट्टी का नाही? कारण वरच्या भागात ती कपड्यांना आडवी येते. हँगर दांडीच्या मागे वीस-बावीस सेंमी बाहेर येतो, पाय मात्र वर एकमेकांच्या अगदी जवळ असतात. कॉलर, बाह्या, सगळं त्या पट्टीवर घासतं. म्हणून तिरकेपणा खालच्या निम्म्या भागातच बसवायचा. मागच्या लांब पट्टीच्या मध्यापासून निघून दोन पट्ट्या दोन्हीकडच्या मागच्या पायांना ८० सेंमी उंचीवर जाऊन मिळतात. पसरट 'व्ही' होतो. धक्का बसला की एक पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. दोघींचा वर-खालीचा जोर मध्याशी एकमेकांना मारतो, त्यामुळे लांब पट्टी वाकत नाही. इथे आधाराचा हात ६० सेंमी मिळतो, म्हणजे चाळीस पटीच्या जागी अडीच-तीन पट. शिवाय 'व्ही' मधे खोलगट असल्याने लांब झगे मधे टांगता येतात, आखूड शर्ट कडेला.

लावताना घाई नको. रॅक पुढच्या पायांवर निजवा, म्हणजे मागची बाजू वर येईल. आता दोन्ही कर्ण मोजा, एका मागच्या पायाच्या दांडीजवळच्या बिंदूपासून दुसऱ्या मागच्या पायाच्या तळापर्यंत. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट हाताने ढकलून सरळ करा आणि शिकंज्याने (क्लॅम्पने) धरून ठेवा. वाकड्या चौकटीवर तिरकी पट्टी मारली की वाकडेपणा कायमचा ताठ होतो.

नंतर फट बघा. लांब पट्टी पायाच्या बाहेर आहे, त्यामुळे तिच्यावर टेकवलेली तिरकी पट्टी पायापाशी २० मिमी अधांतरी राहते. स्क्रू ओढून ती फट बुजवायचा मोह आवरा. पट्टी कमानीसारखी ताणली जाते आणि पाय पिळतो. तिथे २० मिमी जाडीचा तुकडा घाला आणि त्यातून पायापर्यंत जाणारे ६० मिमीचे स्क्रू मारा. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू हवेत, पण एकाच रेषेत मारले तर लाकूड त्या रेषेत फुटतं. एकमेकांपासून थोडे बाजूला सरकवून मारा आणि आधी ३ मिमीचं भोक पाडाच. लांब पट्टीच्या मध्याशी तिरक्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवा, एकीवर एक नको.

आता पुन्हा ओढून बघा. हलत असेल तर चौकटीत नाही, सैल स्क्रूत शोधा.

शेवटचं

सगळ्या कडा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने मारा, दांडीला २२० चाही हात द्या. दांडीवर साधी मेणबत्ती घासा, हँगर सहज सरकतात आणि ओढच कमी बसते. तेल आणि ताजा रंग लावू नका, कपड्याला डाग पडतात.

मऊ मातीत पायांखाली फळीचे तुकडे ठेवा, नाहीतर भरल्यावर एक पाय रुततो. रॅकच्या खालच्या फळीवर विटा किंवा पुस्तकांची खोकी ठेवली की वारा सुटला तरी चिंता नाही. कपडे मधून दोन्हीकडे भरत जा. दरवेळी सोडवून ठेवायचा असेल तर तिरक्या पट्ट्यांना आणि लांब पट्टीला स्क्रूऐवजी ६ मिमीचे लांब बोल्ट, वॉशर आणि विंग नट (हाताने फिरवता येणारी पंखांची नट) लावा, कारण काढ-घाल केलेल्या स्क्रूला लाकूड पुन्हा तसं धरत नाही. मग सोडवताना पट्ट्यांवर डावी-उजवी पेन्सिलीने लिहून ठेवा.