अटकेनंतर या चुका टाळा: कबुलीजबाब, सही आणि पहिली रिमांड

"मार सहन झाला नाही म्हणून कबूल केलं" हे खटल्याच्या शेवटी पहिल्यांदा सांगितलं, तर त्यात दम उरत नाही. ते पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडी ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा नेतात तेव्हाच, सांगायला हवं.

अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. तिथे प्रश्न येतो, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मागे तेच पोलीस उभे, परत त्यांच्याच कोठडीत जायचं, म्हणून आरोपी "नाही" म्हणतो. ते "नाही" कागदावर चढतं आणि पुढे सरकारी वकील युक्तिवादात तेवढंच वाचून दाखवतात. मारहाण झाली असेल तर कुठे, कशानं, किती वाजता ते तिथेच सांगा, खुणा दाखवा. वकिलानं त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीचा लेखी अर्ज द्यावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ५३ प्रमाणे डॉक्टरनं जखमा आणि त्या साधारण कधीच्या हे नोंदवायचं असतं. अहवालाची प्रत मागून घ्या. वळ थोड्या दिवसांत फिके पडतात, त्यामुळे "पुढच्या तारखेला बघू" म्हणणाऱ्या वकिलाचं अजिबात ऐकू नका. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपण्याचा अर्जही सोबतच द्या. ते किमान वर्षभर ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय, पण नंतर मागितलं की ते पुसलेलं असतं.

दुसरी चूक अर्धवट माहितीची. "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मग कर सही!" साक्ष अधिनियमाचं कलम २३ तसं म्हणतं खरं. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ ते हेच. ठाण्यात अजून "सत्तावीसचा पंचनामा" म्हणतात. प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आरोपीचं म्हणणं होतं की भाल्यानं भोसकलं, भाला गावातल्या एका आवारात लपवला, जागा दाखवतो. न्यायालयानं भोसकल्याची कबुली गाळली, लपवल्याचं आणि जागा दाखवण्याचं ठेवलं. ही गाळणी आपोआप होत नाही, बचाव पक्षाला ती मागावी लागते. म्हणून निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहिलेला कागद, वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या कागदावर तर नाहीच. करावीच लागली तर सहीखाली तारीख-वेळ स्वतःच्या हातानं लिहा. तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं.

मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला असेल तर हिशोबच उलटा. त्याच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात चालते.

"दंडाधिकाऱ्यापुढे बोलून टाक, लवकर सुटशील" हा सल्ला सर्वांत घातक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालची कबुली नंतर मागे घेतली तरी ती पिच्छा सोडत नाही. बोलणं बंधनकारक नाही, हे दंडाधिकाऱ्यानं आधी समजावायचं असतं. आणि "मला कबुली द्यायची नाही" म्हटलं की तो पोलीस कोठडी देऊच शकत नाही. लोक भीतीनं बोलतात ती नेमकी याच कोठडीच्या. विचार करायला साधारण किमान २४ तास द्यावेत, असं सरवणसिंग खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. ते मागा, घाई करू नका.

"निर्दोष आहेस ना, मग भीती कसली?" या बोलण्यावर नार्को किंवा लाय डिटेक्टरला होकार देऊ नका, सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालानुसार (२०१०) संमतीशिवाय या चाचण्या करता येत नाहीत.

अटक मेमोवरची (पोलिसांनी केलेल्या अटकेच्या लेखी नोंदीवरची) वेळ तपासा, २४ तास अटकेच्या वेळेपासून मोजले जातात.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर घरच्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करावा, तोही रिमांडच्या आधी.