साइटवर नव्याने रुजू होणाऱ्या स्थापत्य अभियंत्यांनी या चुका टाळाव्यात

तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेऊन साइटवर येणाऱ्या मुलामुलींना मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि दर वर्षी त्याच चार-पाच चुका नव्या हातांनी घडताना पाहून मनस्वी वाईट वाटते. परीक्षेत ज्या प्रश्नाला त्यांनी पूर्ण गुण मिळवलेले असतात, तीच गोष्ट डोळ्यांसमोर बिघडत असताना त्यांच्या लक्षात येत नाही. आणि काँक्रीट एकदा पडले की आत काय दडले आहे हे कोणालाच दिसत नाही.

सर्वांत आधी बाल्कनी आणि छज्जा यांविषयी लिहितो. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या साध्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ताण (ओढ) खालच्या बाजूस येतो, म्हणून मुख्य सळई तळाशी असते. एकाच बाजूने धरलेल्या कॅन्टिलिव्हरमध्ये मात्र ताण वर येतो आणि मुख्य सळई वरच लागते. हे ठाऊक नसलेला अभियंता मला आजवर भेटलेला नाही, तरीही तळाला बसलेल्या सळया मी वारंवार पाहिल्या आहेत.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चार मजली इमारतीवर सव्वा मीटर बाहेर आलेल्या बाल्कन्या होत्या, स्लॅबची जाडी 125 मिमी होती. आदल्या संध्याकाळी मी स्वतः प्रत्येक बाल्कनीत उतरून 10 मिमीच्या सळया वरून 20 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सोडून बांधल्याची खात्री केली आणि नोंदवहीत सही केली. सकाळी स्लॅब भरायला सुरुवात झाली तेव्हा मी खाली मिक्सरजवळ सिमेंटच्या गोण्या मोजत उभा होतो. वर बिगारी घमेली घेऊन त्याच जाळीवरून ये-जा करत होते, जाळी वर उचलून धरणारे आधार, म्हणजे चेअर, दीड-दीड मीटरवर एकेक आणि बारीक सळईच्या होत्या, आणि पायांखाली त्या एकामागून एक वाकत गेल्या. टेकू काढल्यावर तिसऱ्या दिवशी भिंतीला लागून वरच्या बाजूने सरळ तडा दिसला. आम्ही तातडीने पुन्हा टेकू दिले, तड्याजवळ छिन्नीने फोडून पाहिले, तेव्हा सळई वरून 70 मिमी खोल सापडली. म्हणजे प्रभावी खोली (स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) 100 मिमीऐवजी जेमतेम 50 मिमी उरली होती आणि बाल्कनीची भार पेलण्याची ताकद निम्म्यापेक्षाही खाली आली होती. चार बाल्कन्या तोडून पुन्हा कराव्या लागल्या. त्या तड्याकडे रंगाऱ्याआधी आमचे लक्ष गेले नसते, तर पुढे तिथे कोणाचे तरी मूल कठड्याला धरून उभे राहिले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. कॅन्टिलिव्हरमध्ये 12 मिमी सळईच्या चेअर मीटरभर अंतराच्या आत बसल्याशिवाय मी भरणीला परवानगी देत नाही, चालण्यासाठी जाळीपासून अधांतरी फळ्या टाकून घेतो आणि बाल्कनीचे काँक्रीट पडत असताना तिथून हलत नाही. गोण्या मोजायला दुसरे कोणीही चालते. टेकू काढतानाही मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे यावे, उलट कधीही नाही.

दुसरी चूक पाण्याची. पंपवाला म्हणतो काँक्रीट घट्ट आहे, मुकादम म्हणतो थोडे पाणी सोडा, आणि नव्या अभियंत्याला इतक्या अनुभवी माणसांना नाही म्हणण्याचा संकोच वाटतो. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. घनमीटरला 350 किलो सिमेंट आणि 0.45 पाणी-सिमेंट प्रमाण धरले, तर 6 घनमीटरच्या गाडीत 2100 किलो सिमेंट आणि 945 लिटर पाणी असते. नळी लावून त्यात 120 लिटर पाणी सोडले की प्रमाण 0.51 च्या आसपास जाते, आणि आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाने मध्यम परिस्थितीतील आरसीसीसाठी घातलेली 0.50 ची मर्यादा ओलांडली जाते. मला अधिक संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा: पाणी सोडण्याआधीच क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे) भरून ठेवलेले असतात, त्यामुळे 28 दिवसांनी अहवाल उत्तम येतो आणि स्लॅब मात्र वेगळ्याच काँक्रीटचा असतो. मी नमुना काँक्रीट प्रत्यक्ष पडते त्या ठिकाणीच घेतो, आणि घट्टपणाची तक्रार आली तर प्लांटला फोन करून ठरलेल्या मर्यादेत अॅडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारे रसायन) वाढवून घेतो. गाडी परत पाठवण्याची वेळ आली तर ती पाठवावी. एका गाडीचे नुकसान भरून निघते.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. लाइन आउट करताना, म्हणजे कॉलमच्या जागा जमिनीवर आखताना, प्रत्येक कॉलम आधीच्या कॉलमपासून मोजू नये, कारण दर वेळी झालेली दोन-तीन मिमीची चूक साठत जाते. सर्व अंतरे एकाच मूळ बिंदूपासून धरावीत. नकाशाची सुधारित प्रत आल्यावर जुनी प्रत त्याच दिवशी साइटवरून काढून घ्यावी. बाजारात आता सावकाश ताकद घेणारे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट मोठ्या प्रमाणात वापरले जाते, त्यामुळे काँक्रीटवर सात दिवस पाणी मारून पुरत नाही. किमान दहा दिवस द्यावे, आणि स्लॅबवर पाणी साठवायला वाफे बांधताना कॉलमला गोणपाट गुंडाळायला विसरू नये. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय किंवा बाजू उताराच्या केल्याशिवाय माणूस उतरवू नये, मग मुकादम कितीही घाई करो.

व्यवसायात शिरू पाहणाऱ्यांची एक चूक मला विशेष खटकते, ती म्हणजे साइटवर एक पावसाळाही न काढता डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा छोटा अभ्यासक्रम पुरा करून स्वतःला डिझाइन अभियंता म्हणवून घेणे. सॉफ्टवेअर शिकावे, त्यात वाईट काही नाही. पण साध्या बीमचा बेंडिंग मोमेंट (भाराने बीम वाकवणारा जोर) ज्याला वहीत काढता येत नाही, त्याला संगणकाने दिलेले चुकीचे उत्तर ओळखता येणार नाही. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनाही माझे हेच म्हणणे आहे, कारण पुढे सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदा विभागात मोजमाप पुस्तिकेवर सही करताना समोरचे काम नजरेने ओळखावे लागते.

मी उमेदवारांची मुलाखत घेतो तेव्हा पुस्तकी व्याख्या विचारत नाही. 12 मिमी सळईचे मीटरमागे वजन किती, हे विचारतो. व्यासाचा वर्ग भागिले 162 करून 0.89 किलो सांगणाऱ्याला मी पुढे क्यूब कसा भरतात ते विचारतो. ज्याने तो स्वतः भरला आहे तो साच्याला तेल लावण्यापासून सुरुवात करतो, तीन थर सांगतो, हाताने ठोकायचे असेल तर प्रत्येक थराला 35 ठोके सांगतो आणि वरून तारीख व कॉलमचा क्रमांक लिहिल्याचेही न विचारता सांगतो. अशा मुलाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला साइटवर बोलावतो.