जीआय पाइपाचं वेल्डिंग: जस्ताचा ताप कसा टाळायचा

गेट-शेडच्या कामात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाला वेल्डिंगचा टाका मारला की पांढरा धूर उठतो. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे जोड धरण्याआधीच ते वाफ होऊन उडतं. हा धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी, बहुतेक वेळा रात्री घरी, हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. दीड-दोन दिवसांत उतरतो, म्हणून व्हायरल समजून सोडून दिला जातो. रोजच्या धुराची शरीराला तात्पुरती सवय होते आणि सुट्टीत ती मोडते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो तो यामुळेच.

आधी जस्त काढा. जोडाच्या दोन्ही बाजूंना ५० मिमीपर्यंत, लोखंडाची चकाकी दिसेपर्यंत ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (घासायची चकती) फिरवा. ती धूळही वाईट, मास्क तेव्हापासूनच लावा. पाइपाच्या आतलं जस्त मात्र राहतंच, म्हणून पुढची काळजी सुटत नाही. तेलकट पाइप ब्रेक क्लीनरने (गाडीचे ब्रेक साफ करायच्या स्प्रेने) मुळीच पुसू नका. त्यात क्लोरीनचं सॉल्व्हंट असेल तर वेल्डिंगच्या आर्कमुळे (विजेच्या ज्योतीमुळे) फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. साबणाच्या पाण्याने धुवा आणि नीट सुकवा.

खरं नुकसान बसण्याच्या पद्धतीने होतं. जमिनीवर उकिडवं बसून वाकलं की तोंड बरोबर धुराच्या वाटेत येतं. काम कमरेच्या उंचीच्या घोडीवर घ्या. पंखा पाठीमागे ठेवू नका. हवा अंगाला वळसा घालून तोंडापुढे भोवरा करते आणि धूर शील्डच्या आत शिरतो. पंखा बाजूला ठेवा, धूर दाराकडे जाऊ द्या. मिग मशीन (जोडावर गॅस सोडत वेल्डिंग करणारं) असेल तर वारा हलका हवा, नाहीतर तो गॅस उडून जोडाला भोकं पडतात.

तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे बारीक कण सरळ आत जातात. निदान एन-९५ मास्क हवा, तोही कडेने घट्ट बसलेला; दाढीवर तो बसत नाही. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ मध्ये ठरवलं आहे. तेव्हा साध्या काळ्या लोखंडाच्या कामातही मास्क काढू नका.

दूध-गूळ घेतला की धूर बाधत नाही, हा समज खोटा आहे. दूध-गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात; त्याने ताप टळत नाही. ताप आलाच तर डॉक्टरांना ‘जीआयचं वेल्डिंग केलं’ असं स्पष्ट सांगा. धाप लागली, छाती भरली किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर थेट रुग्णालय गाठा.