चुंबकाआधी नळी : सोलापुरातून प्रोटीन एनएमआरकडे निघालेल्यांसाठी

एम.एस्सी.चे निकाल लागले की केमिस्ट्रीची, अधूनमधून बायोटेकची, दोन-चार पोरं भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, प्रोटीन एनएमआरमध्ये जायचंय, पण मोठी मशीनं पुण्याला नाहीतर हैदराबादला. सोलापुरात बसून आम्ही काय तयारी करणार, सांगा की.” एनएमआर म्हणजे जोरदार चुंबकात ठेवलेल्या रेणूंतल्या अणूंचे सिग्नल आलेखावर, म्हणजे स्पेक्ट्रमवर, वाचून त्यांची रचना ओळखणं. माझं उत्तरही आता ठरून गेलंय. मशीनची काळजी सोडा. या कामात चुंबकाची गाठ पडते ती फार उशिरा. त्याआधीचे महिने नळीत काय भरायचं यात जातात, आणि स्पेक्ट्रम हाती आल्यानंतरचे महिने तो वाचण्यात. वाचायची सवय विजापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीतही लागते. नमुन्याचा हात कॉलेजच्या साध्या बायोटेक लॅबमध्ये बसतो.

मी इथलीच. ऑरगॅनिक करताना एनएमआर म्हणजे छापील कागदावरचा प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजनच्या अणूंचा, स्पेक्ट्रम होता. इथाइलचा ट्रिप्लेट-क्वार्टेट, सातच्या आसपास अॅरोमॅटिक, आणि शेवटी ‘रचना ओळखा’. ते शिकलेलं वाया जात नाही, पण प्रोटीनसमोर ते तोकडं पडतं. युबिक्विटीन हे चिमुकलं प्रोटीन, अवघी ७६ अमिनो आम्लं. तरी त्यात सहाशेच्या वर प्रोटॉन आहेत आणि एकमितीय स्पेक्ट्रममध्ये ते सगळे एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत नुसतं ‘ओ पाटील’ म्हणून हाक मारली तर शंभर जण वळून बघतील. नाव आणि गाव दोन्ही सांगितलं तरच नेमका माणूस सापडतो. स्पेक्ट्रमची दुसरी मिती म्हणजे ते गाव.

ही दुसरी मिती प्रत्यक्षात आणणाऱ्या रिचर्ड अर्न्स्ट यांना १९९१ साली नोबेल मिळालं, आणि तिच्या जोरावर द्रावणातल्या प्रोटीनची रचना काढणाऱ्या कुर्ट व्युथ्रिश यांना २००२ साली. या दोघांच्या १९८० मधल्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे ते मात्र अनिल कुमार यांचं. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी एनएमआरचं मोठं काम उभं केलं. दोन प्रोटॉन एकमेकांपासून साधारण पाच अँगस्ट्रॉमच्या आत असतील तर त्यांच्यात एनओई नावाचा, जवळीक दाखवणारा सिग्नल दिसतो, आणि अंतर वाढलं की सहाव्या घाताने तो पडत जातो. अशी शेकडो अंतरं गोळा केली की साखळी कशी दुमडली आहे ते कळतं. इंटरव्ह्यूला जाताना एवढा इतिहास पुरे. त्यापेक्षा एचएसक्यूसी हा दोनमितीय स्पेक्ट्रम नीट वाचता आला तर समोरचे जास्त खूश होतात.

एचएसक्यूसीत आडव्या अक्षावर प्रोटॉन असतो आणि उभ्या अक्षावर त्याला जोडलेला नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड समस्थानिक. प्रोटीनच्या साखळीच्या कण्यातल्या प्रत्येक नायट्रोजन-हायड्रोजन (एन-एच) जोडीचा एक ठिपका, म्हणजे ढोबळमानाने एका अमिनो आम्लाला एक. प्रोलिनच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो, म्हणून त्याचा ठिपका नाही. साखळीचं पहिलं आम्लही बहुतेक वेळा दिसत नाही. युबिक्विटीनमध्ये तीन प्रोलिन आहेत, तेव्हा कण्याचे फार तर ७२ ठिपके अपेक्षित. वरच्या बाजूला ग्लायसिनची मंडळी बसतात. उजवीकडे वर एकाच आडव्या रेषेवर जोडीजोडीने दिसतात ते अॅस्परजिन आणि ग्लुटामिनच्या बाजूच्या साखळीतले एन-एच-टू; ते मोजणीत धरायचे नाहीत. काही ठिपके इतरांपेक्षा ठसठशीत असतात, कारण साखळीचं शेपूट मोकळं हलत असतं. ठिपके आडव्या अक्षावर सहा ते दहा पीपीएमभर (पीपीएम हे त्या अक्षाचं एकक) नीट पसरलेले असतील तर प्रोटीन दुमडलेलं आहे. सगळे आठच्या आजूबाजूला दाटीवाटीने उभे असतील तर ते उलगडलेलं आहे, किंवा मुळातच तसं असणाऱ्यांपैकी आहे. मला तर हे बघणं सुडोकूपेक्षा आवडतं, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आता नळी. निसर्गातल्या नायट्रोजनपैकी नायट्रोजन-१५ जेमतेम ०.३७ टक्के आणि कार्बनपैकी कार्बन-१३ साधारण १.१ टक्का. एवढ्यावर प्रोटीनचा स्पेक्ट्रम भागत नाही, म्हणून आपलं प्रोटीन बनवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला मोजूनमापून खायला घालावं लागतं. एम९ या मोजक्या घटकांच्या माध्यमात नायट्रोजनचा एकमेव स्रोत म्हणून नायट्रोजन-१५चं अमोनियम क्लोराइड, साधारण लिटरला एक ग्रॅम. रचनेसाठी तीनमितीय प्रयोग करायचे असतील तर कार्बन-१३चा ग्लुकोजही लागतो, आणि तिथे प्रयोगशाळेच्या खिशाला खरी कात्री लागते. म्हणून आधी नेहमीच्या नायट्रोजन-कार्बनच्या माध्यमात प्रोटीन किती मिळतं, विरघळलेलं राहतं का, आठवडाभर टिकतं का, हे बघून घेतात. एम९मध्ये जिवाणू हळू वाढतात. एलबी या नेहमीच्या पौष्टिक माध्यमात दुपारपर्यंत येणारी घनता इथे संध्याकाळ गाठते, तेव्हा जिवाणूंना प्रोटीन बनवायला लावणारं आयपीटीजी घालायची वेळ रात्रीची येते याची मानसिक तयारी ठेवा. शेकर चालू असताना वीज गेली तर काय, याचंही उत्तर आधी शोधून ठेवलेलं बरं.

शुद्ध केलेलं प्रोटीन शेवटी पाच मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाच-सहाशे मायक्रोलिटर एवढंच जातं, ०.२ ते १ मिलिमोलरच्या दरम्यान. सोबत पाच ते दहा टक्के जड पाणी, कारण त्यातल्या ड्युटेरियमवर मशीनचं लॉक (चुंबकक्षेत्र स्थिर ठेवणारी पकड) बसतं. पीएच सहा ते सातच्या मध्ये ठेवायचा. तो वर गेला की अमाइडचे प्रोटॉन पाण्याशी भराभर अदलाबदल करतात आणि ठिपके फिके पडतात. मीठ कमी ठेवायचं, क्रायोप्रोबवर, म्हणजे थंड केलेल्या शोधकावर, तर फारच कमी. खारट नमुन्यात संवेदनशीलता पडते आणि ९० अंशाचा रेडिओ पल्स लांबतो. अक्षावरच्या शून्याच्या संदर्भासाठी नेहमी वापरतात ते टीएमएस पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याजागी डीएसएस. गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल दुप्पट हवा असेल तर स्कॅन चौपट करावे लागतात, तेव्हा पातळ नमुना घेऊन रात्रभर मशीन अडवण्यापेक्षा नमुना घट्ट करणं केव्हाही स्वस्त.

सोलापूरकरांसाठी एक जास्तीची सूचना. इथून नमुना न्यायचा म्हणजे सकाळची हुतात्मा किंवा रात्रीची गाडी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि प्रोटीनला तो मानवत नाही. थर्माकोलचा डबा, जेल पॅक, आणि नमुना एनएमआरच्या नळीत नव्हे तर छोट्या झाकणबंद ट्यूबमध्ये. नळीत तो तिथे पोहोचल्यावर भरायचा. एनएमआरची नळी कागदासारखी पातळ असते, तिचं तोंड एसटीच्या एका गचक्यात तडकतं. प्रोटीन बर्फात चालतं का गोठतं, गोठवल्यावर गाळ होतो का, हे निघण्याआधी एका लहान हिश्शावर तपासून घ्या.

मशीनकडे गेल्यावर जे दिसतं ते थोडक्यात सांगते. ६०० मेगाहर्ट्झचं चुंबक म्हणजे १४.१ टेस्ला. त्याची तार उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली, बाहेरून द्रव नायट्रोजनचा थर. हे चुंबक कधीच बंद नसतं. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ जायचं नाही. पाकीट, चावी, लोखंडी पाना बाहेर ठेवायचा. नळी आत सोडली की लॉक, ट्यूनिंग, शिमिंग (चुंबकक्षेत्र एकसारखं करणं), पल्स मोजणं, हे त्या क्रमाने. पाण्याचा सिग्नल प्रोटीनच्या हजारो पट मोठा असल्याने शिमिंग ढिलं राहिलं तर तो सगळं गिळतो. हे सगळं एका दिवसात हाताखाली येतं, त्याचा बाऊ करू नका.

खरी गंमत परस्परक्रियेच्या प्रयोगात आहे. नायट्रोजन-१५चं प्रोटीन नळीत, त्यात लिगंड, म्हणजे प्रोटीनला चिकटणारा रेणू, थोडंथोडं वाढवत जायचं आणि दर टप्प्यावर एचएसक्यूसी घ्यायचा. लिगंड जिथे बसतं तिथल्या आम्लांचे ठिपके जागा बदलतात, बाकीचे जागेवर राहतात. बंध दुबळा असेल तर ठिपका हळूहळू सरकत जातो आणि त्या सरकण्यावरून विघटन स्थिरांक, म्हणजे बंध किती घट्ट याचं माप, काढता येतो. बंध घट्ट असेल तर जुन्या जागी ठिपका विझत जातो आणि नव्या जागी उमटत जातो. मधल्या अवस्थेत तो पसरट होऊन नाहीसाच होतो. नवखे तेव्हा प्रोटीन बिघडलं म्हणून घाबरतात, तर ती खूणच कामाची असते. सगळ्या आम्लांचं सरकणं स्तंभालेखात मांडून, मोठे स्तंभ रचनेवर रंगवले की बसण्याची जागा डोळ्यांना दिसते. मात्र एक गोष्ट कुणीतरी आधीच सांगावी अशी आहे. लिगंड डीएमएसओमध्ये विरघळवलेलं असतं, आणि नुसत्या डीएमएसओनेही ठिपके हलतात. पीएच जरा बदलला तर हिस्टिडिनच्या आसपासचे हलतात. म्हणून लिगंड सोडून बाकी सगळं तेवढंच घालून तोच प्रयोग वेगळा करायचा. ही कोरी मालिका ज्याच्या वहीत नाही, त्याचा निष्कर्ष मी वाचत नाही.

ठिपका सरकला हे कळण्यासाठी तो कुणाचा आहे हे आधी कळायला हवं, आणि ते तीनमितीय प्रयोगांमधून एकेक कडी जोडत ठरवावं लागतं. घरी बसून शिकायचं ते नेमकं हेच. बीएमआरबी या संकेतस्थळावर अशी आकडेवारी फुकट आहे. सीसीपीएन किंवा स्पार्की ही स्पेक्ट्रम वाचायची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. युबिक्विटीनपासून सुरुवात करा. पीडीबी या प्रोटीनरचनांच्या संग्रहात त्याची स्फटिकातली रचना १यूबीक्यू आणि द्रावणातली १डी३झेड शेजारी शेजारी उघडा आणि शेवटच्या चार आम्लांकडे बघा. द्रावणातल्या मॉडेलांमध्ये ते शेपूट सगळीकडे भिरभिरतंय.

“अल्फाफोल्ड आल्यावर हे सगळं कशाला?” हेही विचारतात. साखळीवरून प्रोटीनची घडी ओळखणाऱ्या त्या एआय प्रणालीच्या कामाला २०२४ चं नोबेल मिळालंय आणि ते रास्तच आहे. नुसती घडी काढण्यासाठी आज कुणी एनएमआरचं दार ठोठावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोटीन कसं हलतं, दुबळं लिगंड कुठे टेकतं, ज्यांना ठरलेली घडीच नाही ती प्रोटीनं काय करतात, असा प्रश्न असेल तर यावं.

पोटापाण्याचंही बोलू. केवळ प्रोटीन एनएमआरवर चालणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच, हे धरून चला. औषध कंपन्यांना लहान रेणूंचा एनएमआर येणारी माणसं लागतात, बायोसिमिलर, म्हणजे जैविक औषधांच्या प्रतिकृती, बनवणाऱ्यांना मूळ औषधाशी घडी जुळते का हे दाखवणारी. मशीन विकणाऱ्या कंपन्यांमध्ये अॅप्लिकेशनची कामं असतात. पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. नेटच्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. त्याआधी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप किंवा टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम बघा. सोलापूर साधारण मध्यावर आहे, याचा फायदा घ्या. एका बाजूला अडीचशे किलोमीटरवर पुण्यात आयसर आणि एनसीएल, दुसऱ्या बाजूला तीनशेच्या आसपास हैदराबादला सीसीएमबी आणि टीआयएफआर, या सगळ्या संशोधन संस्था.

आणि तिथल्या प्राध्यापकांना मेल लिहिताना ‘मला एनएमआरची फार आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. त्याजागी घरी सोडवलेल्या युबिक्विटीनच्या एचएसक्यूसीचं चित्र जोडा, आपण लावलेली नावं त्यावर ठेवा, आणि जे दोन-तीन ठिपके जमले नाहीत त्यांच्याभोवती गोल करून का जमले नाहीत ते दोन ओळींत लिहा. अशा मेलला उत्तर येतं.